बाल्कनीतलं एक झाड: जर्मनीत घरी गांजा लावताना आलेला खर्च, कायदा आणि चुका

सातारची_साक्सनीत

नमस्कार मंडळी. मी लाइपझिगमध्ये नऊ वर्षं राहते. गेल्या वर्षी पहिल्यांदा बाल्कनीत गांज्याचं एक झाड लावलं, वाढवलं, काढलं. इथल्या आपल्या लोकांपैकी बरेच जण दबक्या आवाजात विचारत असतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहायला घेतलं. सुरुवातीलाच सांगते, हा धागा फक्त जर्मनीत कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रौढांसाठी आहे. भारतात हेच करणं गंभीर गुन्हा आहे.

१ एप्रिल २०२४ पासून इथे अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतःच्या राहत्या घरी एका वेळी तीन झाडं लावता येतात. घरात वाळलेला माल माणशी ५० ग्रॅमपर्यंत. तो फक्त स्वतःसाठी. मैत्रिणीला चिमूटभर फुकट दिला तरी तो कायदाभंगच. झाड आणि माल मुलांच्या आणि परक्यांच्या हाती लागणार नाही अशी सोय करणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि शेजाऱ्यांना अतोनात त्रास होता कामा नये.

मी हे का केलं? मी महिन्यातून एखाद्या शनिवारी थोडं ओढते. रस्त्यावरच्या मालावर काय फवारलेलं असेल हे घेणाऱ्याला कळत नाही, कृत्रिम रसायनं मारलेला मालही फिरतो. त्यामुळे मी कित्येक वर्षं त्या वाटेला गेलेच नव्हते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेय, जे पोटात किंवा छातीत जाणार ते कुठल्या मातीतून आलं हे मला माहीत असायला हवं.

खर्च जसाच्या तसा देते. तीन बिया २७ युरो, मातीच्या दोन पिशव्या १८, अकरा लिटरची कुंडी आणि ताटली ६, गांडूळखत ८, बांबूच्या काठ्या आणि सुतळी ७, बाल्कनीच्या कठड्याला बांधायचा आडोसा २२, कुलूपवाली लोखंडी पेटी ३४, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ९, काचेच्या बरण्या ८. एकूण १३९ युरो. यात दिवा नाही, तंबू नाही, पंखा नाही. दुकानात मला 'नवशिक्यांचा संच' म्हणून जे दाखवलं ते साडेतीनशेच्या घरात होतं, आणि त्यात कुलूपवाली पेटी नव्हती. माझं मत ठाम आहे: पहिल्या झाडाला ऊन फुकट मिळतंय तर पैसा दिव्यावर घालू नका, कुलुपावर घाला.

बियांच्या दोन जाती समजून घ्या. एक दिवस-रात्र बघून फुलोऱ्यावर येते, रात्र लांबायला लागली की. इथे ती ऑगस्टात फुलायला लागते आणि काढणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात येते, नेमकी पाऊस आणि धुक्यात. जाड कळीत बुरशी शिरते आणि चार महिन्यांची मेहनत आतून तपकिरी होते. दुसरी जात वयावर फुलते, दिवस किती मोठा याच्याशी तिला देणंघेणं नसतं. बी टाकल्यापासून अडीच-तीन महिन्यांत हातात येते, उंचीही कमी राहते. इथल्यासारख्या थंड भागातल्या बाल्कनीला ही दुसरी. मी तीच घेतली, मादी बी. इथल्या कायद्यानुसार बी युरोपीय संघातल्या देशांतून टपालाने मागवता येतं.

आपल्याकडे मृग बघतात, तसे इथले म्हातारे बागवाले आइसहाइलिगे बघतात. ११ ते १५ मे, पाच संतांचे पाच दिवस, शेवटची 'थंडगार झोफी'. त्याच्या आत नाजूक रोप उघड्यावर ठेवत नाहीत. मी २० एप्रिलला बी टाकलं, रोप खिडकीत ठेवलं आणि १६ मेला बाहेर काढलं.

पहिली चूक: पाणी. दोन बिया टाकल्या होत्या. एक रोप मी पाण्याने मारलं. रोज सकाळी प्रेमाने पाणी, आणि नवव्या दिवशी देठ मातीलगत काळा पडून आडवा झाला. बाबा आयुष्यभर वाफसा, वाफसा म्हणत आले आणि मी कुंडीपुढे ते विसरले. दुसऱ्याला मी कुंडी उचलून बघायला लागले. हलकी लागली की पाणी, जड लागली की हात मागे. मापाचं यंत्र लागलं नाही.

दुसरी चूक: माती. पहिल्या रोपाला मी खतावलेली माती दिली होती. बी टाकायला हलकी, बिनखताची माती हवी, आउसझाटएर्डे म्हणून मिळते. वर्तमानपत्राचा द्रोण करून त्यात बी टाकायचं आणि दोन आठवड्यांनी द्रोणासकट मोठ्या कुंडीत ठेवायचं. या जातीला पुनर्लागवडीचा धक्का सोसत नाही, तिला वाया घालवायला दिवसच नसतात.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहिते.

डोंगरवाट

ताई, फार प्रामाणिक लिहिलंत. एक शंका. भाची श्टुटगार्टला असते, पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय. तिकडे कायदेशीर आहे तर स्वतःपुरतं थोडं सोबत आणलं तर?

सातारची_साक्सनीत

दादा, अजिबात नाही. तिला आजच फोन करा. जर्मनीची सीमा ओलांडली की हा कायदा संपला. भारत तर सोडाच, शेजारच्या देशातही नेता येत नाही. बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेला चुरासुद्धा निघण्याआधी झटकायला सांगा.

ऊसपट्टा

मी सांगलीकडचा, शेती करतो. डोंगरवाट, इथलं ऐका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २० लागवडीला थेट लागू होतं. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लोक म्हणतात थोडा माल असला तर शिक्षा कमी. ते जवळ बाळगण्याबाबत आहे, गांज्याला एक किलोच्या आतलं प्रमाण 'अल्प' धरतात. लागवडीला अशी सवलत नाही, झाड एक असो की शंभर.

आमच्याकडे उसात, तुरीत, हळदीत मधेच चार तास गांज्याचे लावलेले सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पेपरात नाव येतं सातबाऱ्यावरच्या माणसाचं. करायला लावणारा कुठल्या कुठे असतो. मग जामिनासाठी जमीन गहाण. मी हे जवळून बघितलंय, म्हणून एवढं कळकळीनं लिहितो. ताईंनी पहिल्या परिच्छेदातच इशारा दिला हे फार बरं केलं.

डोंगरवाट

आभार. भाचीला आत्ताच निरोप दिला. पण मग भांग? होळीला उत्तरेत सरकारी ठेके असतात ना?

ऊसपट्टा

कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे, फळाचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बी त्यात धरलेली नाहीत. त्यामुळे पानांच्या भांगेचं राज्यागणिक वेगळं चालतं. पण त्यासाठी झाड लावायचं म्हटलं तर लागवड ही लागवडच. उत्तराखंडनं २०१८ मध्ये धाग्याच्या हेम्पला परवाने द्यायला सुरुवात केली, त्यातही टीएचसी, म्हणजे नशेचा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत हवं आणि परवाना हवाच.

म्युनिकची_आई

मला हा धागा वाचून अस्वस्थ वाटलं. माझी मुलं पाच आणि अकरा वर्षांची. कायद्यानं चालतं म्हणजे घरात आणावं असं नाही. मुलं बाल्कनीत टोमॅटो तोडून खातात, तशीच कळी तोडतील. आणि अकरा वर्षांचा विचारेल, 'हे काय आहे?' तेव्हा मी काय सांगू?

सातारची_साक्सनीत

तुमची अस्वस्थता मला पटते. आमच्या घरी मूल नाही, म्हणून मी हे करू शकले. असतं तर बाल्कनीत लावलं नसतं. माझी बाल्कनी चौथ्या मजल्यावर आहे, फक्त झोपायच्या खोलीतून उघडते, आणि त्या खोलीच्या दाराला मी कुलूप बसवलं. खालच्या मजल्यावरची दोन मुलं आमच्याकडे खेळायला येतात, त्यांच्यासाठीच. माल लोखंडी पेटीत, पेटी कपाटावर, किल्ली माझ्याकडे.

ताजी कळी नुसती खाल्ली तर फारसं चढत नाही, कारण गरम झाल्याशिवाय त्यातला नशेचा घटक तयार होत नाही. पण या भरवशावर मुलाला तिच्याजवळ सोडू नये. खरा धोका खाऊचा. बिस्किटं, चॉकलेट करून फ्रिजमध्ये ठेवतात ते. आमच्या घरी तसलं काही करायचं नाही हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं. तुमच्या घरी लावा असं मी कधीच म्हणणार नाही.

म्युनिकची_आई

सरळ उत्तराबद्दल आभार. निदान एवढा विचार करणारी माणसं आहेत हे बघून बरं वाटलं. माझं मत मात्र बदललेलं नाही.

औषधविक्रेती

मी हांबुर्गला औषधालयात काम करते, म्हणून दोन गोष्टी मांडते. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम मनोविकार झाला असेल तर यापासून लांबच राहा, ही जोखीम खरी आहे. पंचविशीच्या आतल्यांनीही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी नाहीच.

दुसरं, गाडी. २२ ऑगस्ट २०२४ पासून रक्तद्रवात टीएचसीची मर्यादा मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम आहे. नवीन परवानाधारक आणि एकविशीच्या आतल्यांना तेवढीही चालत नाही. नियमित ओढणाऱ्याच्या रक्तात हे दुसऱ्या दिवशीही असू शकतं. 'काल रात्रीच तर घेतलं' म्हणून सकाळी चावी उचलू नका. आणि दारूबरोबर तर नकोच.

नुकताच_आलो

ताई, मी आखेनला शिकायला आलोय, चार महिने झाले. आम्ही तिघं एका घरात राहतो. प्रत्येकी तीन म्हणजे नऊ झाडं लावता येतील का? बजेट पन्नास युरो.

सातारची_साक्सनीत

बाळा, तुला अजून नाही. कायद्याला निदान सहा महिन्यांचं वास्तव्य लागतं. आणि वय किती तुझं? औषधविक्रेतीताईंनी पंचविशीचं लिहिलंय ते परत वाच.

बाकी दोघांना सहा महिने झाले असतील तर प्रत्येकी तीन लावता येतात, पण ज्याचं झाड त्याचाच माल. एकमेकांत वाटायचा नाही. नऊ झाडं एका खोलीत ठेवून 'हे कोणाचं' हे पोलिसांना दाखवता आलं नाही तर सगळे अडचणीत. शिवाय तुमचा निवासाचा परवाना अशा गोष्टींवर टांगणीला लावू नका, आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलं असेल. पन्नास युरोत तुळस, मिरची, कोथिंबीर लाव. हात बसेल.

रुहरकाठी

मी दोन वर्षं घरात दिव्याखाली लावतोय, डॉर्टमुंडला. ताईंचं 'दिवा नको' मला पूर्ण पटत नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीवाल्यांनी काय करायचं?

हिशोब देतो. १०० वॉटचा एलईडी दिवा वाढीच्या काळात १८ तास चालतो, म्हणजे दिवसाला १.८ युनिट. माझा दर ३५ सेंट, म्हणून ६३ सेंट रोज, महिन्याला १९ युरो. फुलोऱ्यात १२ तास, महिन्याला साडेबारा. दोन-दोन महिने धरले तर विजेचे ६३ युरो. पंखा, गाळणी वेगळे. पैसे लागतात, पण बुरशीची भीती पुष्कळ कमी होते आणि वास कोळशाच्या गाळणीत अडतो. बाल्कनीत तो कसा अडवणार?

सातारची_साक्सनीत

तुमचा हिशोब बरोबर आहे, उत्तरेच्या बाल्कनीला दुसरा उपाय नाही. फक्त स्वस्तातला अनामिक दिवा आणि एका बोर्डावर पाच वायरी करू नका. माझ्या ओळखीत एकाच्या तंबूत पाण्याचा पाइप निसटून बोर्डात पाणी गेलं, थोडक्यात निभावलं. वायर जमिनीवर लोळत ठेवू नका, वर टांगा.

वास बाल्कनीत अडत नाही, खरं आहे. काढणीआधीचे शेवटचे तीन आठवडे चांगलाच येत होता. मी मे महिन्यातच खालच्या काकूंना जाऊन सांगितलं होतं की एक झाड आहे, त्रास झाला तर आधी मला सांगा. त्यांनी जुलैत सांगितलं की वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो. कुंडी दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, आणि त्यांचा कपडे धुवायचा वार विचारून घेऊन त्या दिवशी कुंडी खोलीत घ्यायला लागले. अकरा लिटरची कुंडी दोन हातांनी उचलता येते, तीस लिटरची नाही. ही गोष्ट कुंडी घेतानाच लक्षात ठेवा.

कुंडीतला_कढीपत्ता

कीड काय आली? माझ्या कढीपत्त्यावर इथे लाल कोळी दरवर्षी येतो.

सातारची_साक्सनीत

तोच. पानाच्या पाठीवर बारीक पांढरे ठिपके, मग जाळी. आधी साध्या पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून, तीन दिवस. नंतर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून, संध्याकाळी. पण फुलोरा यायच्या आत. कळ्यांवर कसलीही फवारणी करायची नाही, ती धुऊन काढता येत नाही आणि तुम्ही तेच ओढणार असता. फुलोऱ्यात कीड आली तर किडलेली पानं हातानं काढा.

मातीवर काळी चिलटं उठत होती. वरच्या दोन बोटं मातीवर वाळू पसरली आणि पिवळा चिकट कागद लावला, संपली. भुरी एकदा दिसली, खालची दाट पानं काढून हवा खेळती केली.

इथे बाबांचं सांगायलाच हवं. जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर मी नकळत फोन बाल्कनीकडे फिरवला. बाबा एकदम गप्प झाले. सत्तरी पार केलेला माळकरी माणूस. पान बघताक्षणी ओळखलं त्यांनी. म्हणाले, "तुळशीत भांग आली म्हणायची." मी कायदा सांगितला, तीन झाडं, ५० ग्रॅम, सगळं. ते ऐकत होते. मग विचारलं, "पान खालनं पिवळं का पडलंय?" मी कुंडी दाखवली. म्हणाले, "ताटलीत पाणी साचतंय. मुळी कुजेल. खाली दोन विटा ठेव." विटा ठेवल्या, आठवड्यात नवीन पान हिरवंगार आलं. त्यानंतर त्या झाडाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. त्यांना ते आवडलेलं नाही, हे मला माहीत आहे, आणि ते मला लागतं. म्हणून यंदा सुट्टीत साताऱ्याला जाऊन त्यांच्याशी समोरासमोर बोलणार आहे.

कुंडीतला_कढीपत्ता

तुमच्या बाबांना नमस्कार. नर-मादी कशी ओळखली? बी मादी घेतलं तरी फसवणूक होते म्हणतात.

सातारची_साक्सनीत

पपईसारखंच. चार-पाच आठवड्यांनी देठाच्या बेचक्यात बघायचं. बारीक गोळी देठाला लोंबत असेल तर नर, दोन पांढरे केस बाहेर आले असतील तर मादी. नर दिसला की काढून टाका, नाहीतर परागकण पडून कळीत बी धरतं. कधी कधी पाण्याचा किंवा उष्णतेचा ताण बसला की मादी झाडावरही नर फुलं येतात, म्हणून शेवटपर्यंत बघत राहायचं.

रुहरकाठी

आणि उतारा किती आला? नवीन लोकांना ५० ग्रॅमची अडचण कळत नाही, तेही लिहा.

सातारची_साक्सनीत

वाळून ३८ ग्रॅम, एका झाडाचं. जुलैच्या मधोमध काढलं.

रुहरकाठी म्हणतात ती अडचण अशी: तीन झाडं चालतात, पण तीन झाडांचा माल ५० ग्रॅमच्या सहज वर जातो. ५० ते ६० मध्ये सापडलात तर दंड, ६० च्या वर फौजदारी गुन्हा. जास्त झालेलं देता येत नाही, विकता तर नाहीच, नष्ट करावं लागतं. म्हणून पहिल्या वर्षी एकच झाड. मला ३८ ग्रॅम दीड वर्ष सहज पुरेल. तीन लावून दोन फेकण्यात पैसाही गेला आणि मेहनतही.

वाळवणं हे मला वाढवण्यापेक्षा अवघड गेलं. फांद्या उलट्या टांगायच्या, अंधारात, १८ ते २० अंश, आर्द्रता ५५-६०. माझ्या न्हाणीघराची खिडकी किलकिली ठेवून दहा दिवस लागले. सहाव्या दिवशी बारीक काडी वाकत होती, दहाव्या दिवशी कट्कन मोडली. मग बरणीत, पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं झाकण उघडायचं. एका बरणीत ओला वास आला, ती सगळी परत कागदावर पसरली. उन्हात किंवा ओव्हनमध्ये घाईनं वाळवू नका, गवताचा वास राहतो. पांढरी तंतुमय बुरशी दिसली तर ती बरणी पूर्ण टाकून द्या, त्यातलं 'चांगलं' वेचून ओढू नका. फुप्फुसाची गोष्ट आहे.

डोंगरवाट

आम्हाला इथे बसून हे फक्त वाचायचं आहे, पण वाचताना शेतीचा धडा वाचल्यासारखं वाटलं. क्लाइनगार्टन म्हणतात ती भाड्याची बाग असते ना तिकडे? तिथे नाही का लावता येत? बाल्कनीपेक्षा बरं.

सातारची_साक्सनीत

नाही चालत. राहत्या घरीच लावायचं असतं, आणि ती बाग म्हणजे राहतं घर नव्हे. आमचीही एक बाग आहे, तिथे वांगी आणि भेंडी. भेंडी इथे काचेखालीच येते, त्यावर वेगळा धागा काढेन.

उशिरा_वाचणारा

फ्रँकफुर्टहून. बाल्कनी दक्षिणेची, मूल नाही, वय ४४, गाडी नाही. भाडेकरारात वासाबद्दल एक कलम आहे. काय करू?

सातारची_साक्सनीत

आधी करार जर्मन वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, भाडेकरू संघटनेचे सभासद असाल तर त्यांना विचारा. मग शेजाऱ्यांशी बोला. हे दोन्ही मार्चमध्ये उरका. अडलं तर सभासदांसाठी मिळून लागवड करणाऱ्या क्लबचं सभासदत्व हा मार्ग आहे, १ जुलै २०२४ पासून क्लबना परवानगी आहे, तिथे यादीत थांबावं लागू शकतं. नाही अडलं तर एक बी, एक कुंडी, आणि खाली दोन विटा.

माझ्याकडे तिसरं बी अजून काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आहे. ते मी यंदा लावणार नाही. बाबांशी बोलून झाल्यावर ठरवेन.